आधी माझं सांगितलं

घरचं घरी आणि शाळेचं शाळेत, असं मी अनेक वर्षं मानत आले, आणि ते विचार करून मानत आले. बीड जिल्ह्यात बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत मी शिकवते. माझ्या वर्गातल्या बऱ्याच मुलांचे आईवडील दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात. भांडीकुंडी, अंथरुणं, पेटी, शेळ्या, असला तर तान्हा जीव, सगळं ट्रकमध्ये चढतं आणि कोल्हापूर, सांगली नाहीतर थेट कर्नाटकातल्या कारखान्याच्या वाटेला लागतं. कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे मार्च-एप्रिलपर्यंत, गावात म्हातारीकोतारी उरतात आणि आम्ही थांबवू शकलो तेवढी मुलं. त्यांच्यासाठी हंगामी वसतिगृहाची सोय असते. जी मुलं आईबापांबरोबर जातात त्यांना आम्ही शिक्षण हमी कार्ड देतो, म्हणजे ती जिथं जातील तिथल्या शाळेत त्यांना बसता यावं.

अशा मुलाला वर्गात उभं करून घरचं विचारणं म्हणजे चारचौघांत त्याच्या गरिबीला हात घालणं, असं मला वाटे. पुस्तक उघडलं की मुकादमाचं पोर आणि तोडणी मजुराचं पोर एका बाकावर, हीच शाळेची खरी देणगी, असं मी नव्या शिक्षकांनाही सांगत असे. बाईनं स्वतःचंही काही वर्गात आणू नये. मुलांना बाईंची शिकवणी हवी असते, बाईंची कहाणी नको असते. या भूमिकेत मुलांविषयीचा आदर होता, आणि तो आदर मी आजही सोडलेला नाही.

पण माझे आईवडीलही ऊसतोडीलाच जायचे. शाळेत कुणालाच हे माहीत नव्हतं. कुणी विचारलं तर ‘घरी शेती आहे’ एवढंच मी सांगायचे. ते खोटं नव्हतं, कोरडवाहू तुकडा होताच.

माझं मत बदललं ते एका घराच्या ओट्यावर. सहावीतल्या एका हुशार मुलीला आई बरोबर नेणार होती. पालकसभेत मी समजावलं होतं, वसतिगृहाचं सांगितलं होतं, शिक्षण हक्काच्या कायद्याचंही सांगून झालं होतं. सभेत ती माउली ‘बघू’ म्हणाली. घरी गेले तेव्हा बोचकी बांधून तयार होती. मी पुन्हा तेच बोलायला लागले, तशी ती म्हणाली, ‘‘बाई, तुम्हाला काय कळावं आमचं?’’

मी खाली बसले आणि सांगितलं. तिसरीत असताना मीही फडावर गेले होते, धाकट्या भावाला सांभाळायला. पाचटाच्या कोपीत झोपायचो. पहाटे अंधारात आईबाप तोडायला निघून जात, आणि रात्री-अपरात्री गाडी भरायला आली की पुन्हा उठत. पाचटानं चिरलेल्या आईच्या हातांना ज्वारीचं पीठ मळताना कशी आग व्हायची, तेही सांगितलं. एकदा वाढ्याची मोळी बांधायला मदत करताना कोयता माझ्या डाव्या अंगठ्यावर बसला होता. तो वण तिला दाखवला. तिनं माझा हात हातात घेऊन नीट बघितला. मग स्वतःचा पुढं केला.

त्यानंतर तिनं खरं कारण सांगितलं, आणि ते ना आमच्या नोंदवहीत होतं, ना सभेच्या इतिवृत्तात. घरी एकटा आजोबा, त्याला दिसत नाही. जेवणाची सोय शाळा करेल, पण झोपायला पोर घरीच येणार, त्या रात्रीचं काय? वयात येत असलेली पोर दार नीट न लागणाऱ्या घरात कशी ठेवायची? मुलीचं शिक्षण तिला नको होतं असं मुळीच नव्हतं. तिला पोर सुरक्षित हवी होती, आणि हे ती आमच्यासमोर बोलत नव्हती, कारण बोलली असती तर आपण गावावर संशय घेतो असं झालं असतं. कारण कळल्यावर वाट निघाली. गल्लीतल्याच एका अंगणवाडी मदतनिसांनी मुलीला रात्री आपल्या घरी झोपायला बोलावलं. मुलगी राहिली.

तोवर मी समजत होते की पालक आम्हाला टाळतात ते अज्ञानापोटी. त्या ओट्यावर कळलं की ते आम्हाला पारखत असतात. जो माणूस स्वतःचं काही सांगत नाही त्याला कुणी आपलं का सांगावं? मी आजवर विचारत होते ती त्यांच्या लेखी चौकशीच होती. वही-पेन घेऊन दारात येणाऱ्या माणसाचा त्यांना आलेला अनुभव बघता यात त्यांचं काही चुकत नव्हतं.

मग ‘श्यामची आई’ मी पुन्हा वाचायला घेतली. साने गुरुजींनी ती 1933 मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिली. त्याआधी अमळनेरच्या शाळेत ते शिकवत, वसतिगृह सांभाळत आणि तिथल्या मुलांसाठी हातानं लिहून दैनिक काढत. आईवरचं पुस्तक म्हणून ते मी लहानपणापासून वाचत होते. आता मला त्यात शिक्षक दिसला. आश्रमातल्या सोबत्यांना श्याम रोज रात्री स्वतःचीच गोष्ट सांगतो, आणि सांगताना स्वतःला मोठं करत नाही. पोहण्याच्या भीतीनं लपून बसलेला मुलगाही तो लपवत नाही. जोतिराव-सावित्रीबाईंच्या पुण्यातल्या शाळेतली मुक्ता साळवेही मला नव्यानं आठवली. 1855 साली तिचा निबंध ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. मांग-महारांचं दुःख तिनं त्यात मांडलं. आपल्या लोकांवर काय गुदरतं ते मुलगी निबंधात लिहू शकते, कारण तिच्या शाळेनं घर दाराबाहेर ठेवायला सांगितलेलं नसतं. ‘घरचं घरी’ या माझ्या तत्त्वाला ती शाळा खरं तर पावणेदोनशे वर्षांपूर्वीच उत्तर देऊन बसली होती.

आता आमच्या परिपाठात बोधकथेच्या जागी आठवड्यातून एकदा कुणीतरी आपली गोष्ट सांगतं. सुरुवात मी केली, फडावर तिसरीचं वर्ष कसं बुडालं आणि पुढच्या वर्षी माझ्याहून लहान मुलांत बसताना कसं वाटलं त्यापासून. वर्गात एक मुलगा कधीच तोंड उघडत नसे. तो त्यानंतर काही दिवसांनी फळ्याशी आला आणि वडिलांचा हिशेब मांडू लागला. मुकादमाकडून उचल किती, टनाला भाव काय, नवरा-बायको मिळून एक कोयता कसा धरतात, आईच्या आजारपणात किती खाडे पडले आणि त्यांचे पैसे कसे कापले. वजाबाकी करता करता तो थांबला, कारण उत्तर उणे येत होतं आणि उणे संख्या अजून आम्ही शिकवलेल्या नव्हत्या. त्या वर्गाला मी उणे संख्या त्याच फळ्यावर शिकवल्या. मुकादमाचा मुलगाही तिथंच होता. तो घरी जाऊन काय बोलला मला माहीत नाही, पण पुढच्या आठवड्यात त्यानं सांगितलेली गोष्ट होती कारखान्यानं त्याच्या वडिलांचे अडकवलेले पैसे आणि पळून गेलेली टोळी यांची. मुलांनी तीही तितक्याच शांतपणे ऐकली.

याचा अर्थ सगळी मुलं थांबतात असा नाही. याही हंगामात काही गेली, त्यातल्या एकीला मी थांबवू शकेन असं मला फार वाटत होतं. पण जाणाऱ्यांचे फोन येतात. फडावरून एक बाप विचारतो, ‘‘कोणत्या धड्यापर्यंत आलात? पोराला पुस्तक उघडून बसवतो.’’ पूर्वी असा फोन कधी आला नव्हता.

माझ्या जुन्या मतातला एक भाग मात्र मी घट्ट धरून ठेवला आहे. ज्याला सांगायचं नाही त्याला विचारायचं नाही, आणि वर्गात सांगितलेलं वर्गाबाहेर न्यायचं नाही. पाहुणे आले म्हणून कुणाला उभं करायचं नाही, बिचाऱ्याचे आईबाप ऊस तोडतात हे ऐकवायला तर मुळीच नाही. वरून अधूनमधून यशोगाथांचा तक्ता येतो. विद्यार्थ्याचं नाव, फोटो, कौटुंबिक पार्श्वभूमी आणि आलेल्या अडचणी असे त्यात रकाने असतात. शेवटचे दोन रकाने मी कोरे ठेवते, आणि का ठेवले ते खाली लिहून सही करते.