मोट, कवडसा आणि वहिनी

परवा दादाकडे गेले होते. आईला दुपारी झोप लागली, म्हणून पिशवीतली इंग्रजी कादंबरी काढली आणि तिसऱ्याच पानावर एक शब्द अडला, 'मोट'. आपल्याला मोट म्हटलं की विहीर आठवते, नाहीतर बेडकांची मोट! इथे काहीतरी धुळीबद्दल चाललंय एवढंच कळलं. मान वर केली तर खिडकीतून कवडसा पडलेला आणि त्यात असंख्य कण तरंगत होते. सहज बोलून गेले, "वहिनी, केवढी धूळ आहे इथे!" वहिनी आईच्या गोळ्या डबीत भरत होती. काही बोलली नाही.

घरी येऊन शब्दकोश उघडला. मोट म्हणजे बारीक कण, विशेषतः उन्हाच्या तिरिपेत दिसणारा धुळीचा. शब्द हजारएक वर्षं जुना. डच भाषेत त्याचा एक नातलग आहे, त्याचा अर्थ लाकडाचा भुसा. चौदाव्या शतकात चॉसरने जिथेतिथे दिसणाऱ्या भिक्षूंना या कणांची उपमा देऊन त्यांची टर उडवली आहे. आपल्याकडे हाच तो त्रसरेणू. मनुस्मृतीत वजनमापं त्याच्यापासून सुरू होतात, आठ त्रसरेणूंची एक लीख (हो, उवांचीच!).

इथवर मजेत वाचत होते. पुढे कळलं की १६११च्या इंग्रजी बायबलात भावाच्या डोळ्यात दिसतो तो मोट, आणि स्वतःच्या डोळ्यात न दिसणारी ती तुळई. म्हणजे आपलं कुसळ आणि मुसळच की! मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ वाळकी काडी, त्यामुळे आपलं कुसळच त्याला जास्त जवळचं.

मग मात्र पुस्तक मिटलं. घरातल्या अशा कणांत कपड्यांचे तंतू पुष्कळ असतात म्हणे. मी पोचले तेव्हा वहिनी आईची चादर बदलत होती. दिवसातून दोनदा बदलावी लागते. तीन वर्षं झाली. मी जाते दोन महिन्यांतून एकदा, कादंबरी घेऊन.

रात्री फोन केला. "कसली गं धूळ?" म्हणाली. आठवत नसेल असं नाही. मग इकडचं तिकडचं बोलताना कळलं, गेल्या दिवाळीपासून ती माहेरी गेलेली नाही. शुक्रवारी जाते आहे, चार दिवस. आईजवळ मी आहे.