रुईला आलेलं गिऱ्हाईक

सोसायटीच्या मागच्या भिंतीलगत मातीची चिंचोळी पट्टी आहे. तिथे मी रुई लावली तेव्हा सेक्रेटरी म्हणाले, ‘‘अहो, ही कुठेही फुकट उगवते, लावायची कशाला?’’ उगवते खरी. पण कोथरूडमध्ये तिला उगवायला आता मोकळी जागा उरलीय कुठे? रुईशेजारी कोरांटी, कढीपत्ता आणि कोपऱ्यात बहावा लावला. नर्सरीत खपतात ती बहुतेक परदेशी झाडं. बोगनवेल दक्षिण अमेरिकेतली, गुलमोहर मादागास्करचा. ‘याला कीड लागत नाही बघा,’ ही विकणाऱ्याची मुख्य जाहिरात. मला नेमकी कीड लागणारी झाडं हवी होती.

पावसाळा सरत आला तशी प्लेन टायगर नावाची केशरी फुलपाखरं रुईभोवती घुटमळू लागली. मादी पोट वाकवून पानाला एकच अंडं चिकटवायची आणि पुढच्या पानावर जायची. मग अळ्या दिसल्या. काळे-पांढरे पट्टे, मधे पिवळे ठिपके, पाठीवर मऊ काळ्या तंतूंच्या तीन जोड्या. रुई खायची यांची रीत पाहण्यासारखी असते. अळी आधी पानाची शीर कुरतडते, चीक तिथेच गळून जाऊ देते आणि मग पुढचं पान निवांत खाते. हे फुलपाखरू पक्ष्यांना बेचव लागतं. म्हणून डॅनेड एगफ्लायची मादी, स्वतः निर्धोक खाण्याजोगी असून, त्याचंच सोंग घेऊन फिरते.

कढीपत्त्यावर कॉमन मॉर्मनची पिल्लावळ. लहानपणी पक्ष्याच्या विष्ठेसारख्या दिसणाऱ्या या अळ्या मोठ्या झाल्या की हिरव्यागार होतात आणि झाड बोडकं करून टाकतात. फोडणीसाठी कढीपत्ता मी मंडईतून आणते. घरच्यांना हा विनोद अजून पुरतो.

खरी अडचण शनिवारची. मारुतीला रुईच्या पानांची माळ लागते आणि वरच्या मजल्यावरच्या काकू पानं न्यायला यायच्या. एकदा पान उलटलं आणि किंचाळल्याच, ‘‘अगं बाई, सगळं झाड किडलंय! औषध मार की!’’ मी त्यांना पानाखाली लटकलेला कोश दाखवला. हिरवा, त्यावर सोनेरी टिकल्यांची ओळ. काकूंनी चष्मा वर-खाली करून बराच वेळ पाहिला. तेव्हापासून त्या पान खुडण्याआधी पालथं करून बघतात आणि अंडं असेल ते ठेवतात.

पुढे फवारणीवाला पंप घेऊन आला तेव्हा मी फुलपाखरांचं जीवनचक्र समजावत बसले होते. तो ऐकून घेत होता, पण नळी काही खाली ठेवेना. काकूंनी गॅलरीतूनच हाक दिली, ‘‘ए, मारुतीचं झाड आहे ते! त्याला औषध मारायचं नाही!’’ तो मुकाट पुढे गेला.

आता मला सापसंदाची वेल हवी आहे. कॉमन रोझ त्याच कुळातल्या वेलींवर अंडी घालतं. नर्सरीत ती मिळत नाही. डोंगरावर दिसली होती, पण उपटून आणायची नाही. फळं वाळली की थोडं बी आणेन. सेक्रेटरींनी विचारलंय, ‘‘ही तरी जरा बरी दिसेल ना?’’