नव्या माशांची वेगळी टाकी

अकोला

प्रिय नंदा,

फोनवर बोलणं अर्धंच राहिलं, म्हणून लिहिते. तुझ्या भाच्याला अमरावतीत खाऱ्या पाण्याची टाकी मांडायची आहे ना? त्याला पहिल्यांदा सांग, पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यातलं पाणी यात चालत नाही. त्यातले क्षार वेगळे. समुद्राच्या लिटरभर पाण्यात ३५ ग्रॅमच्या आसपास क्षार असतात, त्यासाठी आरओच्या पाण्यात तयार सागरी मीठच मिसळावं लागतं. तुमच्या रत्नागिरीचं सुख इथे कुठलं!

पण मोठ्या टाकीआधी त्याने नव्या माशांसाठी छोटी मांडावी. मासे मुंबईहून रात्रभर पिशवीत हिंदकळत बडनेऱ्याला पोचतात, अगदी गळून गेलेले. पांढरे ठिपके आणणारा क्रिप्टोकॅरिऑन तेव्हा कल्ल्यांत दडलेला असू शकतो. वरून मासा चांगला दिसतो. हा परजीवी माशावरून सुटला की वाळूत, दगडावर कवच करून बसतो आणि त्यातून शेकडो पिल्लं नवा मासा शोधत निघतात. एकदा मोठ्या टाकीत शिरला, की सगळे मासे काढून ती दोन-अडीच महिने तशीच ठेवायची. त्यापेक्षा नवा मासा चार ते सहा आठवडे वेगळा ठेवलेला बरा. ऐरोलीच्या सागरी जैवविविधता केंद्रात क्लाउनफिशची पैदास होते. तसे टाकीत जन्मलेले मासे मिळाले तर उत्तमच, पण त्यांनाही यातून सूट देऊ नये.

छोट्या टाकीत वाळू नको, दगड नको. लपायला पीव्हीसी पाइपचे तुकडे पुरेत. ती ओकीबोकी दिसते खरी, पण तांब्याचं औषध द्यावं लागलं तर वाळू आणि दगड ते शोषून घेतात, प्रमाण हाती राहत नाही. मोठ्या टाकीत तर ते घालूच नये, प्रवाळ आणि झिंगे मरतात. जाळी, नळी, बादलीही वेगळी हवी. आणि एकटा असला की बुजरा मासासुद्धा निवांत खायला लागतो, हे मला फार मोलाचं वाटतं.

इकडचा उन्हाळा तुला ठाऊक आहे. पारा ४५ गाठतो आणि पाणी २६-२७ अंशांवर ठेवायचं असतं. तापल्या पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, त्यात वीज गेली तर छोट्या टाकीतला मासा लवकर गुदमरतो. बॅटरीवरचा हवेचा पंप त्याने आधीच घ्यावा.

स्पंज फिल्टर मात्र विकत आणून लगेच लावू नये. कोऱ्या स्पंजात अमोनिया खाणारे जिवाणू नसतात, आणि अमोनिया रोगाच्याही आधी मासा मारतो. माझ्या टाकीत कित्येक महिन्यांत नवा मासा आलेला नाही, म्हणून तिथून रोग येण्याची फारशी भीती नाही. त्याच्यासाठी एक स्पंज मी आजच तिथे ठेवते. महिनाभराने येऊन घेऊन जा म्हणावं. येताना घट्ट झाकणाचा डबा आणू दे, स्पंज टाकीच्याच पाण्यात बुडवून न्यायचा आहे.

तुझी,
शैला