पाणी गळणारे कोरडे डोळे

"बाई, तुमचे डोळे कोरडे पडलेत," असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या तेव्हा मला हसूच आलं. कारण माझी तक्रार नेमकी उलटी होती. माझ्या डोळ्यांतून सारखं पाणी यायचं. पेपर वाचताना, ऑटोत बसलं की, कूलरसमोर भाजी निवडताना... पदराचं टोक कायम डोळ्याला. त्यात आमचे 'हे' जाऊन तेव्हा जेमतेम वर्ष झालेलं. शेजारणी हळूच येऊन बसायच्या, "कावून रडून राहिल्या बाई? सरांची आठवण आली का?" आठवण रोजच येते, पण ते पाणी दर वेळी आठवणीचं नसायचं, हे कोणाला सांगणार! नातलगांत बोलणं सुरू झालं की बाई खचल्या, एकट्या ठेवू नका. मुलाने तर वर्ध्याचं घर बंद करून मला पुण्याला न्यायची तयारी चालवली. म्हणून हा खुलासा. नातलगांनी विशेष लक्ष देऊन वाचावा!

बायकांचं निदान होतं, मोतीबिंदू पिकला. माझा मोतीबिंदू आधीच काढून झाला आहे. शेवटी सेवाग्रामला कस्तुरबा रुग्णालयात दाखवलं. तिथे एक मजेशीर परीक्षा झाली. टीपकागदासारख्या कागदाची अरुंद पट्टी, तिचं टोक दुमडून खालच्या पापणीत अडकवलं आणि पाच मिनिटं डोळे मिटून बसवलं. पट्टी किती मिलिमीटर ओली झाली ते मोजायचं. शिर्मर नावाच्या जर्मन डॉक्टरने १९०३ साली शोधलेली ही युक्ती आजही चालते. दहाच्या वर ठीक, पाचच्या खाली नापास. माझा उजवा डोळा चार, डावा सहा. आयुष्यभर दुसऱ्यांना मार्क दिले, आता हे मार्क!

मग पिवळा रंग घालून निळ्या उजेडात पाहिलं. पापणी उघडल्यावर अश्रूंचा पडदा किती सेकंद टिकतो ते बघतात. दहा सेकंदांच्या आत फाटला तर काहीतरी बिघडलं समजायचं. माझा चारपर्यंतही पोचला नाही.

डोळ्यांवर अश्रूंचा पातळ पडदा असतो, मिलिमीटरचे काही हजारांश भाग एवढाच. बुबुळाला चिकटून राहणारा बुळबुळीत थर, मध्ये पाणी आणि वर तेलाचा तवंग. हे तेल पापण्यांच्या कडेला असलेल्या बारीक ग्रंथींतून येतं. वरच्या पापणीत पंचवीस ते चाळीस, खालच्या पापणीत वीस ते तीस. आपल्याकडच्यांना सावजी रश्श्यावरची तर्री सांगितली की लगेच कळतं. वर तर्री आहे तोवर खालची वाफ उडत नाही. वयाबरोबर ग्रंथींची तोंडं बुजतात, तेल घट्ट होतं, पाणी उडून जातं, बुबुळ उघडं पडतं आणि वाळू गेल्यासारखं खुपायला लागतं. मग मेंदू घाबरून मोठ्या अश्रुग्रंथीला हुकूम देतो आणि ती बादलीभर पाणी ओतते. त्या पाण्यावर तर्रीच नाही, म्हणून ते टिकत नाही. गालावर ओघळतं आणि डोळा पुन्हा कोरडा तो कोरडाच. बायकांत पाळी गेल्यावर हा त्रास पुरुषांपेक्षा जास्त होतो.

सर्दीच्या काही गोळ्यांनीही डोळे सुकतात, मी त्या घेतच होते. तोंड कोरडं पडतं का, सांधे दुखतात का, हेही विचारलं, कारण संधिवाताच्या जातीचा एक आजार आधी डोळ्यांत आणि तोंडात दिसतो. रक्त तपासलं, तो निघाला नाही.

आणि आपलं वर्धा! मे महिन्यात पारा पंचेचाळिसाच्या आसपास, दुपारची हवा पापडासारखी कडक. कूलर हवेत ओलावा सोडतो, ते चांगलंच. पण आपण त्याचा झोत थेट तोंडावर घेऊन झोपतो, तेवढ्याने सगळं वाया. कूलरची दिशा बदलली, सकाळी खुपणं निम्म्यावर आलं. बाहेर जाताना मोठा चष्मा, डोक्याला दुपट्टा.

उपचार म्हणाल तर फार साधा. कृत्रिम अश्रूंचे थेंब दिवसातून चारदा. एकच थेंब, दुसरा नुसता गालावर जातो. चारहून जास्त वेळा लागत असतील तर परिरक्षक नसलेले घ्यावेत, कारण बाटलीतलं औषध टिकवणारं रसायनच डोळ्याला त्रास देतं. बाटली फोडली की मी त्यावर तारीख लिहिते, महिन्याने टाकून देते. आणि सकाळ-संध्याकाळ कोमट फडक्याचा शेक, सात-आठ मिनिटं, पाठोपाठ वरची पापणी खाली आणि खालची वर अशी बोटाने हलकी चोळायची. गोठलेलं तूप पातळ करण्यातलाच प्रकार. फरक पडायला दीड महिना लागला. आजार गेला नाही, जाणारही नाही बहुतेक.

लोकांचे सल्ले मात्र भरपूर. गुलाबपाणी, मध, कांद्याचा रस! डॉक्टरीणबाईंनी हात जोडले. गाजर खा म्हणणारेही बरेच. अ जीवनसत्त्व नसेल तर लेकरांचे डोळे खरंच वाळतात, रातांधळं येतं, बुबुळही जातं. १९७० पासून आपल्याकडे लहान मुलांना त्याचे डोस देतात ते त्यासाठीच. पण माझा कोरडेपणा वेगळा, त्याला गाजराचा हलवा लागू नाही. (खायला हरकत नाही.) माशाच्या तेलाच्या गोळ्यांचंही तेच. २०१८ साली अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासात त्या ऑलिव्ह तेलाच्या गोळ्यांपेक्षा सरस ठरल्या नाहीत.

माझे धाकटे दीर हिंगणघाटकडे शेती करतात. त्यांचेही डोळे असेच चुरचुरायचे, पऱ्हाटीच्या हंगामात लाल व्हायचे. एका मेडिकलवाल्याने एक बाटली दिली. दोन दिवसांत डोळा पांढराशुभ्र! साहजिकच तीच बाटली वर्षभर चालली. त्यात स्टेरॉइड होतं. ते नेत्रतज्ज्ञाच्या देखरेखीखाली थोडे दिवस देतात, पण बरेच महिने घेतलं तर काहींच्या डोळ्यातला दाब चढतो. दुखत नाही, खुपत नाही. नजर कडेकडेने जाते आणि मधलं दिसतंय म्हणून माणूस बेसावध राहतो. दिरांचा डावा डोळा काचबिंदूने गेला. गेलेली नजर परत येत नाही. आता मी येणाऱ्या-जाणाऱ्याला बाटलीवरचं नाव वाचून दाखवायला लावते. वाचता येत नसेल तर मी वाचते, कळलं नाही तर डॉक्टरकडे पाठवते.

पुण्याच्या नातवालाही हाच आजार, वय २६! एरवी आपण मिनिटाला पंधराएक वेळा पापणी लववतो, पडद्याकडे पाहताना त्याच्या निम्म्याहून कमी. आता फोनवर आजी-नातू थेंबांच्या गप्पा मारतो. पुण्याला न्यायचा विषय सध्या मागे पडला आहे.

एक प्रश्न मी डॉक्टरीणबाईंना सगळे बाहेर गेल्यावर विचारला. खरं रडू आलं तर पाणी येईल ना? त्या म्हणाल्या, येईल, त्या पाण्याची वाट निराळी आहे, ती तुमची शाबूत आहे. ते मला माहीत होतं, पण ऐकून बरं वाटलं.

पुढची तारीख दिवाळीनंतरची आहे. दिरांना सोबत नेते आहे, त्यांच्या उजव्या डोळ्याचा दाब मोजायचा आहे.