घाट बंद होता त्या दिवशी

फजरची नमाज होऊन मुसल्ला गुंडाळत होतो, तोच फोन वाजला. दवाखान्यातल्या सिस्टर होत्या. "टीचर, आज निघू नका. भुलीचे डॉक्टर चिपळूणला अडकलेत. परशुराम घाटात दरड आली आहे, रस्ता बंद आहे. नवीन तारीख कळवतो."

दाराशी बॅग भरून ठेवलेली होती. दोन गाऊन, टॉवेल, थर्मास, रिपोर्टांची फाईल, तस्बीह. रात्री बारापासून पोटात पाण्याचा थेंब नव्हता. आम्ही फोन ठेवला आणि सासूबाईंना सांगितले. त्यांनी आधी बॅगेकडे पाहिले, मग बाहेर पागोळ्यांकडे, आणि म्हणाल्या, "मग चाय टाक."

इथे एक खुलासा करून टाकतो. उर्दू शाळेत वीस वर्षे शिकवताना 'हम' म्हणायची सवय जिभेला लागली, ती मराठीतही गेली नाही. तेव्हा या लेखात 'आम्ही' म्हणजे कुठे आम्ही एकटी आणि कुठे आम्ही सासू-सून दोघी, हे वाचक-भगिनींनी समजून घ्यावे. त्या दिवशी तसाही त्यात फारसा फरक उरला नव्हता. मुले नणंदेकडे पाठवलेली, त्यांचे वडील कुवेतला, आणि घरात आम्ही दोघीच.

ऑपरेशन गर्भाशयाचे होते. ही गोष्ट आपल्याकडे मोठ्याने बोलली जात नाही, म्हणून मुद्दाम लिहितो. दोन वर्षे पाळीला जास्त रक्त जात होते, सात-सात, आठ-आठ दिवस. शाळेचा जिना चढताना धाप लागायची. भाकऱ्या थापताना डोळ्यांसमोर काजवे चमकायचे. आम्ही स्वतःलाच सांगत राहिलो की चाळिशी ओलांडली, आता असेच चालायचे. शेवटी एके दिवशी परिपाठाच्या वेळी, सगळी शाळा रांगेत उभी असताना आम्ही मुलांसमोरच खाली बसलो. मग सोनोग्राफी झाली. गर्भाशयात गाठी निघाल्या, सर्वांत मोठी चांगल्या लिंबाएवढी. डॉक्टरांनी समजावले की अशा गाठी बहुतेक वेळा कॅन्सरच्या नसतात, पण रक्त असेच जात राहिले तर शरीर साथ देणार नाही.

तारीख मे महिन्याची ठरली. शाळेला सुट्टी, मुलांचे वडीलही महिन्याची रजा घेऊन आलेले. सगळे जुळून आले होते. पण रक्त तपासले तर हिमोग्लोबिन ७.६. बाईमाणसाचे १२ तरी असावे, आणि डॉक्टर म्हणाले, निदान १० झाल्याशिवाय मी हात लावणार नाही. मग एक दिवसाआड लोहाचे सलाईन सुरू झाले. मे संपला, रजाही संपली. त्यांनी जायच्या आदल्या रात्री सामानाचा वजनकाटा बॅगेला अडकवून तीन-तीनदा वजन केले. एरवी एकदाच करतात. आणि जाताना तो काटा खुंटीवरच विसरून गेले.

आता सांगायला लाज वाटते, पण सांगतो. शाळेत दर आठवड्याला लोहाच्या गोळ्या वाटायचे काम आमच्याकडे आहे. लहान वर्गांना गुलाबी, मोठ्यांना निळी. खिचडी झाली की एकेकाला समोर उभे करून गोळी द्यायची, "गिळलीस का? तोंड उघड," म्हणायचे आणि रजिस्टरवर खूण करायची. मुलींना तर आम्ही खास दटावून सांगायचो की रक्त कमी झाले तर अभ्यासात लक्ष लागत नाही. ते रजिस्टर कधी अपुरे राहिले नाही. आणि ते भरणारीचे रक्त ७.६!

जुलैत आकडा १०.४ वर आला आणि मंगळवारची तारीख मिळाली. त्या मंगळवारीच घाट बंद. खरी भीती भुलीची नव्हती, ऑपरेशनचीही नव्हती. पुढची पाळी आठ दिवसांवर होती. तारीख लांबली, पाळी आली, की दीड महिना थेंब-थेंब चढवलेले रक्त पुन्हा वाहून जाणार आणि आकडा पुन्हा १० च्या खाली. म्हणजे पुन्हा सलाईन, पुन्हा रजेचा अर्ज, पुन्हा पहिल्यापासून. हे आम्ही कुणाला बोललो नव्हतो. चहाचा कप हातात घेऊन खिडकीशी बसलो आणि मनात दिवस मोजत राहिलो.

"तिथं बसून घाट दिसायचा नाय," सासूबाई म्हणाल्या. "ऊठ, पडवीत चल. आज मला हात लागेल कुणाचा तरी."

सासूबाईंना आम्ही अम्मी म्हणतो. त्यांच्या बकऱ्या म्हणजे त्यांचा वेगळा संसार. लग्न होऊन आलो तेव्हापासून पाहतो, पण त्या संसारात आम्ही कधी पाय ठेवला नव्हता. सकाळी शाळा, संध्याकाळी वह्या आणि चूल. त्या दिवशी मागच्या पडवीत पाच जनावरे होती. एरवी सात असतात. दोन बोकड बकरीदच्या आधी विकले होते, आणि ते पैसे रुमालात बांधून आमच्याच कपाटात आमच्याच साड्यांखाली ठेवले होते, "दवाखान्याला लागतील" म्हणून. हे आम्हाला बॅग भरताना कळले.

पुष्य नक्षत्राचा पाऊस, म्हणजे आपल्याकडचा म्हातारा पाऊस. तिसरा दिवस होता आणि थांबायचे नाव नव्हते. वहाळ साकवाला टेकला होता. बकरीसारखे पाण्याला घाबरणारे जनावर दुसरे नसेल. म्हैस डबक्यात आनंदाने लोळते, पण बकरीच्या अंगावर चार थेंब पडले तरी ती ओरडून घर डोक्यावर घेते. पाचही जणी फळ्यांच्या माचावर एकमेकींना चिकटून उभ्या होत्या. माच जमिनीपासून हातभर उंच असतो आणि फळ्यांमध्ये फटी ठेवलेल्या असतात. लेंड्या आणि मूत खाली पडते, वर कोरडे राहते. पाय ओले राहिले की खुरांच्या बेचक्यात सडते आणि जनावर लंगडू लागते. हे सगळे अम्मी हाताने फळी झाडता झाडता सांगत होत्या आणि आम्ही वर्गातल्या मुलासारखे ऐकत होतो.

शेजारच्या काकांनी भिजत-भिजत फणसाचा पाला आणून टाकला होता. तो आम्ही दोघींनी जुड्या बांधून आढ्याला टांगला. खाली टाकला तर बकरी त्यावर पाय देते आणि मग तोंड लावत नाही. इतकी तऱ्हेवाईक. "पण एवढा डोक्यावर कशाला टांगायचा?" आम्ही विचारले. अम्मी म्हणाल्या, "मान वर करून खाल्लेला बरा. पावसात खालचं गवत खाऊ घातलं की जंत होतात." ही गोष्ट त्यांना जनावरांच्या डॉक्टरांनी सांगितली होती. जंताची पिल्ले ओल्या गवताच्या पात्यावर चढून बसतात, गवताबरोबर पोटात जातात, आणि बकरीच्या चौथ्या पोटाला चिकटून रक्त पितात. वरून काही दिसत नाही. बकरी खाते-पिते, फक्त मागे-मागे राहते. एके दिवशी सकाळी उठतच नाही.

"मग कळायचे कसे?"

"डोळा बघायचा," अम्मी म्हणाल्या.

त्यांनी काळीला गुडघ्यांत धरले, अंगठ्याने तिची वरची पापणी हलकेच दाबली आणि दुसऱ्या बोटाने खालची ओढली. आतली कड लालभडक होती. "ही चांगली." मग जबड्याखाली हात फिरवून सूज नाही ना ते पाहिले. दुसरी, तिसरी, चौथी अशीच झाली. आम्ही मोबाईलचा उजेड धरून उभे होतो. पाचवी टिकली. कपाळावर पांढरा ठिपका असलेले चार महिन्यांचे पाठरू, घरात सगळ्यांचे लाडके. तिची पापणी ओढली आणि अम्मी गप्प झाल्या. आत लाल नव्हते, गुलाबीही नव्हते. धुतलेल्या कपड्यासारखे पांढरे.

औषधाची बाटली फडताळात होती. किलोमागे किती मिली द्यायचे, ते डॉक्टरांनी बाटलीवरच चिकटपट्टी लावून लिहून दिले होते. पण टिकलीचे वजन? अम्मी अंदाजाने सांगू लागल्या, तेव्हा आम्हाला खुंटीवरचा काटा आठवला. तांदळाच्या पिशवीत टिकलीला बसवले, फक्त डोके बाहेर. पिशवीचे बंद काट्याच्या हुकात अडकवले. अम्मींनी आम्हाला उचलू दिले नाही. स्वतः दोन्ही हातांनी वर धरले आणि म्हणाल्या, "तू फक्त आकडा वाच." कुवेतला जाणाऱ्या खजुरांचे आणि मसाल्यांचे... नाही, खजूर तिकडून येतात, मसाले इकडून जातात. तर ज्या काट्यावर आमच्या घराचे सगळे विरह मोजले गेले, त्यावर टिकली भरली ९ किलो ४०० ग्रॅम. आम्ही कॅलेंडरच्या मागे पेन्सिलीने हिशेब केला. बी.एड.च्या वर्गात त्रैराशिक कसे शिकवावे यावर पाठ घेतला होता, पण गरज म्हणून त्रैराशिक मांडायची वेळ ही पहिलीच असावी.

औषध पाजताना अम्मींनी आणखी एक गोष्ट दाखवली. डोके फार वर करायचे नाही, नाहीतर औषध फुप्फुसात जाते. गालाच्या कोपऱ्यातून पिचकारीने थोडे-थोडे सोडायचे आणि गिळू द्यायचे. टिकलीने अर्धे अम्मींच्या ओढणीवर थुंकण्याचा प्रयत्न केला, पण आमचा वीस वर्षांचा अनुभव कामी आला. "गिळलीस का? तोंड उघड." अम्मी हसल्या. सकाळपासून पहिल्यांदा.

मग त्यांनी हात धुतले, ओढणीला पुसले, आणि काही न बोलता आमची हनुवटी धरून उजेडाकडे वळवली. तोच अंगठा, तशीच पापणी खाली ओढली. खूप वेळ पाहत राहिल्या.

"आता जरा बरं दिसतंय ना?" आम्ही विचारले.

"आता बरं हाय. तवा कसं असंल?" त्या म्हणाल्या. "बकरीचा डोळा मी दर पंधरा दिसांनी बघतंय. तू दोन वर्सां माझ्यासमोर बसून भाकऱ्या भाजीत होतीस."

आम्ही म्हणालो, "आम्हीही कुठे सांगितले होते, अम्मी?"

"बकरी सांगते का?"

यावर काय बोलणार? पाऊस कौलांवर इतका जोरात होता की न बोलणेही चालून गेले. थोड्या वेळाने त्याच बोलू लागल्या. पाचव्या बाळंतपणानंतर त्यांनाही असाच त्रास सुरू झाला होता. जुनी लुगडी फाडून-फाडून घरातले एकही लुगडे धड राहिले नाही. एकदा सासूला सांगितले, तर सासू म्हणाली, बाईचा जन्म असाच. मग त्यांनी पुन्हा कुणालाच सांगितले नाही. भात लावणीच्या चिखलात उभ्या राहायच्या, आणि रात्री पाय दुखतात असे सांगून लवकर झोपायच्या. किती वर्षे? "वय झाल्यावर आपोआप थांबला," एवढेच म्हणाल्या. हे त्यांच्या मुलालाही माहीत नाही. आता या मासिकातून कळेल. लिहायला आम्ही त्यांची परवानगी घेतली आहे.

तेव्हा आम्हीही सांगून टाकले. आठ दिवसांवरची पाळी, पुन्हा खाली जाणारा आकडा, सगळे. अम्मींनी बोटांवर दिवस मोजले. मग उठल्या, आमचाच फोन आमच्या हातात दिला आणि म्हणाल्या, "हे सिस्टरला सांग. जसं मला सांगितलंस तसंच. लाजू नको."

आम्ही फोन लावला. खरे तर हे सकाळीच सांगायला हवे होते. सिस्टरनी ऐकून घेतले, डॉक्टरांना विचारते म्हणाल्या. अर्ध्या तासाने त्यांचाच फोन आला. पाळी लांबवण्याच्या गोळ्या डॉक्टरांनी लिहून दिल्या होत्या. चिठ्ठीचा फोटो मोबाईलवर आला. गावातल्या मेडिकलमध्ये त्या मिळाल्या. काका पुन्हा एकदा भिजले. इतके साधे होते ते, आणि आम्ही दिवस मोजत बसलो होतो.

दुपारी बकऱ्या बसून रवंथ करू लागल्या. आम्ही दोघी माचाच्या कडेला पाट टाकून बसलो. भात आणि सुकटीची चटणी तिथेच खाल्ली. संध्याकाळी कुवेतहून व्हिडिओ कॉल आला. तिकडे अडीच तास मागे असल्याने ते अजून कामाच्या कपड्यांतच होते. आम्ही काय सांगावे याचा विचार करत होतो, तेवढ्यात अम्मींनी फोन टिकलीच्या तोंडापुढे धरला. "हिचं वजन तुझ्या काट्यावर केलं," त्या म्हणाल्या. "विसरून गेलास ते बरं केलंस."

ते म्हणाले, "विसरलो नव्हतो. परत यायचं आहे म्हणून ठेवला."

मगरिबनंतर निरोप आला की घाटातून एकेरी वाहतूक सुरू झाली आहे, शुक्रवारी या. अल्हमदुलिल्लाह, शुक्रवारी ऑपरेशन झाले. गाठीचा रिपोर्ट आला, साधी गाठ. टाके, दुखणे, सुपे आणि भेटायला येणाऱ्यांच्या सूचना यांवर लिहायला बसलो तर दुसरा लेख होईल.

तीन आठवडे झाले होते. आम्ही आतल्या खोलीत पडून होतो. पावसाने उघडीप दिली होती. अम्मी टिकलीला काखेत घेऊन बाहेरून खिडकीशी आल्या आणि तिची पापणी ओढून दाखवली. "बघ, गुलाबी झाला." खरेच झाली होती. मग टिकलीला खाली सोडले, गजांतून हात आत घातला आणि म्हणाल्या, "आता तू सरक पुढं."