न्यातापोलच्या पायऱ्यांवर

लहानपणी जुनं म्हणजे पडकं, अशी माझी पक्की समजूत होती. कारण आमचे किल्ले. सह्याद्रीत कुठेही जा, ढासळलेला बुरूज, छप्पर गेलेला वाडा आणि ‘इथे सदर होती’ असं सांगणारं कुणी तरी वडीलधारं. सदर आपली आपण मनात बांधायची. ही समजूत मोडली ती नेपाळमधल्या भक्तपूरनं.

गोरखपूरपर्यंत रेल्वे, सोनौलीची सीमा, मग रात्रभर घाट चढणारी बस. आजीला पशुपतिनाथाचं दर्शन हवं होतं. ते झालं आणि दुसऱ्या दिवशी बाबा आम्हाला भक्तपूरला घेऊन गेले. मल्ल राजांची ही जुनी राजधानी.

भातकापणीचे दिवस होते. कुंभारांच्या चौकात एका अंगाला कच्ची मडकी उन्हात वाळत होती, दुसऱ्या अंगाला झोडलेलं भात पसरलेलं. लाल काठाच्या काळ्या साड्या नेसलेल्या बायका ते पाखडत होत्या. त्यांचं सूप गोल, आपल्यासारखं पुढून उघडं नव्हे. आजीनं ते हातात घेऊन उलटंसुलटं पाहिलं आणि सरळ पाखडायला बसली. शेजारच्या बाईनं सरकून जागा दिली. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, पण दाणे खाली आणि फोलपटं वाऱ्यावर, हे दोघींचं सारखंच चाललं होतं. उठताना त्या बाईनं आजीच्या पदराला चिकटलेली फोलपटं झटकली.

तौमढी चौकात न्यातापोल आहे. भूपतींद्र मल्लानं 1702 साली बांधलेलं, पाच थरांच्या जोत्यावर पाच छपरांचं देऊळ. पायऱ्यांच्या दोन्ही बाजूंना राखणदार : तळाशी जयमल आणि पत्ता हे पहिलवान, त्यांच्या वर हत्ती, मग सिंह, शार्दूल आणि सर्वांत वर बाघिनी-सिंहिनी. पहिलवान माणसापेक्षा दहापट बलवान, आणि पुढची प्रत्येक जोडी खालच्यापेक्षा दहापट. बाबा गुणाकार घालत होते, मी एकेक जोडी ओलांडत धापा टाकत होते. आतल्या सिद्धिलक्ष्मीचं दर्शन पुजाऱ्यांखेरीज कुणाला नाही. पायऱ्यांवर मात्र सगळं गाव बसलेलं : म्हातारे गप्पा मारताहेत, कॉलेजची मुलं पुस्तक उघडून बसली आहेत. तिथेच मातीच्या भांड्यातलं जुजु धौ खाल्लं. म्हशीच्या दुधाचं दही. भांडं पाणी शोषून घेतं, म्हणून इतकं दाट.

आजीचं भक्तपूर वेगळंच. तचपाल चौकात पंधराव्या शतकातलं दत्तात्रेयाचं मंदिर आहे, एकाच झाडाच्या लाकडातून उभारलं असं तिथे सांगतात. वाडी-गाणगापूर करणारी आजी हिमालयाच्या पायथ्याशी दत्त भेटल्यावर हात जोडून किती तरी वेळ उभी राहिली. दारात पुन्हा तेच दोन पहिलवान!

25 एप्रिल 2015 ला नेपाळमध्ये भूकंप झाला. टीव्हीवर भक्तपूरचे विटांचे ढीग बघवेनात. माणसं गेली, घरं गेली, दरबार चौकातलं वत्सला दुर्गेचं दगडी मंदिर कोसळलं. न्यातापोल उभं राहिलं. 1934 च्या भूकंपातही ते टिकलं होतं. वत्सलेचं मंदिर पुढे भक्तपूरच्या लोकांनी पुन्हा बांधून काढलं. दगड घडवणारे, लाकूड कोरणारे हात त्या गल्ल्यांमध्ये अजून आहेत, हे मला त्या मंदिरांहूनही मोठं वाटतं.

आता मुलीला न्यायचं आहे, तेही कापणीच्याच दिवसांत. चौकात भात नसेल तर भक्तपूर अर्धंच दिसतं.