पन्नास केबी आणि मळवटाचा लाल

भरतीची जाहिरात निघाली की आमच्या स्टुडिओत कॅमेऱ्याला काम कमी आणि कॉम्प्युटरला जास्त. मुलं फोटो मोबाईलवर काढूनच येतात. "दादा, अपलोडच व्हईना. पन्नास केबीत बसवून द्या." शेती पावसाच्या भरवशावर, म्हणून घरातलं एक तरी लेकरू स्पर्धा परीक्षेच्या रांगेत, अशी धाराशिव जिल्ह्याची तऱ्हा. त्यामुळं फोटोची साईज हा विषय इथं पारावरसुद्धा निघतो.

आयबीपीएसच्या बँक भरतीचे आकडे मला तोंडपाठ आहेत. फोटो २०० बाय २३० पिक्सेल, २० ते ५० केबी. सही १४० बाय ६० पिक्सेल, १० ते २० केबी. मुलं यातलं फक्त 'पन्नास केबी' वाचतात आणि मोबाईलमधला सगळाच्या सगळा फोटो एखाद्या ॲपमध्ये घालून दाबत सुटतात. आता हिशेब बघा. बारा मेगापिक्सेलच्या फोटोत १ कोटी २० लाख ठिपके असतात. ५० केबी म्हणजे जेमतेम ४ लाख बिट. तीस ठिपक्यांच्या वाट्याला एक बिट येतो. क्वालिटीचा स्लायडर पार तळाला नेला, चेहऱ्याचा चिखल झाला, तरी एवढा मोठा फोटो साध्या जेपेगमध्ये तिथवर उतरतच नाही. तोच फोटो आधी २०० बाय २३० केला तर उरतात ४६ हजार ठिपके. ते काहीही न दाबता ठेवले तरी १३५ केबी होतात. म्हणजे फाइल एक तृतीयांश केली की काम झालं, आणि तेवढ्यानं फोटो फाटत नाही. आधी कापायचं, मग पिक्सेल कमी करायचे आणि सगळ्यात शेवटी क्वालिटीला हात लावायचा. हा क्रम चुकला की पुढं कुठलंही सॉफ्टवेअर वाचवू शकत नाही.

सहीची गंमत उलटी आहे. १४० बाय ६० म्हणजे ८४०० ठिपके. न दाबता २५ केबी. पांढऱ्या कागदावर निळ्या पेनाच्या चार रेघा, त्यामुळं नेहमीच्या क्वालिटीला फाइल दोन-तीन केबीत आटोपते आणि साईट म्हणते, दहाच्या खाली चालणार नाही. इथं स्लायडर वर, अगदी शंभराच्या आसपास न्यावा लागतो, आणि स्कॅनमध्ये आलेला कागदाचा खरखरीतपणा पुसायचा नसतो, कारण फाइलचं वजन त्या खरखरीतच असतं. 'साईज वाढवून द्या' असं गिऱ्हाईक कधी म्हणत नाही. ते आपणच ओळखायचं. खालची मर्यादा कुणी आणि कशासाठी घातली असेल, हे कोडं मला सुटलेलं नाही.

हे सगळं मी 'रायट' नावाच्या प्रोग्रॅमवर करतो. रॅडिकल इमेज ऑप्टिमायझेशन टूल हे त्याचं पूर्ण नाव. विंडोजवर फुकट चालतो, जुन्या मशीनवरही पटकन उघडतो. डावीकडं मूळ फोटो, उजवीकडं दाबलेला, दोन्हींची साईज समोर लिहिलेली. एका खिडकीत नाकाजवळ गेलं की दुसरीही तिथंच जाते. स्लायडर हलवला की उजवी बाजू लगेच बदलते. 'अमुक केबीत बसव' असं सांगायचीही सोय आहे. फोटोशॉपच्या 'सेव्ह फॉर वेब'मध्ये चार खिडक्या शेजारी-शेजारी लागतात. तेही चांगलं, पण फॉर्मच्या गर्दीत तेवढा वेळ कुणाला?

कामाला येणाऱ्या पोरांना मी एकच सांगतो: शंभर टक्क्यांवर बघ. पूर्ण फोटो स्क्रीनवर मावेल असा लहान करून बघितला तर कुठलाच दोष दिसत नाही, आणि चारशे टक्क्यांवर बघितला तर गिऱ्हाइकाला जन्मात दिसणार नाहीत असे दोष दिसतात. दुसरं म्हणजे 'क्वालिटी ८०' म्हणजे ऐंशी टक्के फोटो शिल्लक, असं काही नसतं. फोटोशॉपच्या साध्या सेव्हमध्ये पट्टी बारापर्यंतच आहे, इतरत्र शंभरपर्यंत, आणि एकाचे ऐंशी दुसऱ्याच्या ऐंशीशी जुळतीलच असं नाही. आकडा विसरून डोळ्यांनी बघायला शिकवणं, हेच या दोन खिडक्यांचं खरं काम.

बघायचं काय, हे कळायला जेपेग आतून थोडं माहीत असावं लागतं. फोटोचे आठ बाय आठ ठिपक्यांचे चौकोन पाडले जातात. प्रत्येक चौकोनातले ६४ आकडे एका गणितानं वेगळ्या ६४ आकड्यांत बदलतात: पहिला चौकोनाची सरासरी सांगतो, पुढचे उत्तरोत्तर बारीक नक्षी. हे गणित मांडलं नासिर अहमद, टी. नटराजन आणि के. आर. राव यांनी, १९७४ मध्ये. अहमद मूळचे बंगळूरचे. त्यावर उभं राहिलेलं जेपेग १९९२ साली प्रमाण ठरलं. पुढं प्रत्येक आकड्याला एका तक्त्यातल्या संख्येनं भागून पूर्णांक केला जातो. बारीक नक्षीचे आकडे मुळातच लहान आणि त्यांचे भाजकही सहसा मोठे, म्हणून ते शून्य होतात. फोटो गमावतो तो मुख्यतः इथं. स्लायडर फक्त ते भाजक लहान-मोठे करतो.

पण माझ्या लेखी त्याहून मोठी चोरी रंगाची. उजेड आणि रंग वेगवेगळे साठवले जातात आणि बहुतेक सॉफ्टवेअर रंगाची माहिती उभी-आडवी निम्मी करून टाकतात. याला ४:२:० म्हणतात. चार ठिपक्यांत मिळून एकच रंग. माणसाचा डोळा रंगाच्या कडांना मंद असतो, हे त्यामागचं तर्कशास्त्र. बरोबर आहे, पण ते तर्कशास्त्र मांडणाऱ्यांनी नवरात्रातलं तुळजापूर बघितलेलं नसावं.

तिथल्या आराधी बाईचा फोटो घ्या. कपाळभर मळवट, गळ्यात कवड्यांच्या माळा, हिरवं लुगडं, हातात पेटलेला पोत. मळवट जिथं संपतो आणि भुवईच्या वरची कातडी लागते, ती कडा बघा. गडद लालात उजेडाची माहिती मुळात थोडी. सगळा तपशील रंगात. रंगच निम्मा केला की कुंकू कपाळावर पसरल्यासारखं दिसतं, आणि लुगड्याच्या हिरव्या-लाल काठाला करडी किनार येते. क्वालिटी ९५ ठेवा, ती जात नाही, कारण दोष स्लायडरमध्ये नाहीच. रायटमध्ये रंगाची काटछाट बंद करायची, म्हणजे ४:४:४ करायचं, आणि वाटल्यास क्वालिटी ८० वर आणायची. फाइल ९५ वाल्याहून सहसा हलकीच होते आणि मळवट जागेवर येतो. कवड्यांचं दुखणं वेगळं. काळ्या झंपरावर पांढरी कवडी म्हणजे एकदम तुटक कडा. क्वालिटी उतरली की प्रत्येक कवडीभोवती डास घोंघावल्यासारखी धूळ दिसते. तिथं स्लायडरच वर न्यावा लागतो. एकाच बाईच्या एकाच फोटोत दोन दोष आणि दोन औषधं.

नळदुर्गाच्या पाणीमहालावरून नर-मादी धबधबे कोसळत असताना काढलेला फोटो त्याच क्वालिटीला मोकळ्या आभाळाच्या फोटोच्या कितीतरी पट जड निघतो. फेसाच्या प्रत्येक चौकोनात नक्षीच नक्षी. पण फेसात दोष लपतात, तिथं खुशाल दाबा. खरी परीक्षा तेरची. तिथल्या लामतुरे संग्रहालयातल्या भाजक्या मातीच्या मूर्तींवर बोटांचे, साच्याचे पुसट ठसे असतात. एकाच तपकिरी रंगात एवढाच उजेडाचा फरक. जेपेग असल्या पुसट गोष्टी पहिल्यांदा टाकतं, आणि मूर्ती प्लॅस्टिकची वाटायला लागते. आभाळ मात्र साधं असूनही पटकन पट्टे दाखवतं.

व्हॉट्सॲपवरून आलेला फोटो हा दाबलेल्यालाच पुन्हा दाबलेला असतो. मध्ये कुणी कापला असेल तर नवे चौकोन जुन्यांवर तिरपागडे बसतात आणि चेहऱ्यावर दुहेरी जाळी येते. २०२३ पासून एचडीची सोय आहे, तरी मी 'डॉक्युमेंट म्हणून पाठवा' हाच धोशा लावतो. 'डॉक्युमेंट कुठं असतंय' हे दाखवण्यातच निम्मा दिवस जातो.

आणि काही फोटोंना या दोन खिडक्या मी दाखवतच नाही. लोहारा-उमरग्याकडून ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपाआधीचे फोटो येतात, बरेचदा घरातलं तेवढंच उरलेलं. लग्नाच्या ग्रुपफोटोत मागच्या रांगेतला एक चेहरा, हरभऱ्याच्या दाण्याएवढा, आणि तोच मोठा करून भिंतीवर लावायचा असतो. असा फोटो १२०० डीपीआयवर स्कॅन करून, काहीही न दाबता, टिफमध्येच ठेवायचा. फाइल शंभर-दीडशे एमबीची होते, होऊ द्यायची. "एवढी मोठी कशाला, मोबाईलमध्ये मावत नाही," असं पोरगं म्हणतं. त्याला मोबाईलसाठी वेगळी जेपेग करून देतो, ४:४:४ आणि क्वालिटी ८५ ला. टिफची एक प्रत पेनड्राइव्हवर त्याच्या हातात देतो, दुसरी माझ्या डिस्कवर गाव आणि आडनाव घालून ठेवतो.